रेबीजची भीती: दुरुस्तीच्या नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२५

११ मे, रविवार

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की ब्रेकडाऊन रजिस्टर भरावं लागतं, किती वाजता बंद पडलं, काय सापडलं, काय केलं, किती वेळ गेला. मॅडम (सायकॉलॉजिस्ट) म्हणाल्या तुम्हाला ती सवय आहेच तर ह्याचंही तसंच लिहा, मनात काय काय वाटलं त्याचं पानभर नको. म्हणून हे. टाईप करून ठेवतोय कारण असाच त्रास असणाऱ्या कुणाला उपयोग होईल.

तक्रार: मला रेबीज होणार किंवा झालाच आहे असं वाटत राहतं. कुत्रा चावलेला नाही. २०२३ मध्ये सेकंड शिफ्ट सुटल्यावर एक कुत्रं गाडीमागे लागलं, पायाला त्याचं नाक लागलं की दात ते कळलं नाही, पँट फाटली नव्हती पण पोटरीवर एक ओरखडा दिसला. सिव्हिलला जाऊन एआरव्हीचा (रेबीजविरोधी लस) पूर्ण कोर्स घेतला, दिवस ०, ३, ७, २८. ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. हे वाचून कुणी खरी लस टाळू नका, ही नोंद त्यासाठी नाहीये.

बिघाड त्यानंतरचा आहे. कोर्स संपला आणि मनात आलं की लस फ्रीजमध्ये नीट ठेवली होती ना, मध्ये लाईट गेली असेल तर. मग दुसऱ्या दवाखान्यात अर्धवट खरं सांगून परत इंजेक्शनं. मग पावसात डबक्यातलं पाणी पायावर उडालं, त्यात कुत्र्याने तोंड घातलं असेल तर. मग हॉटेलबाहेरच्या खुर्चीचा पाय. मग भाजीची पिशवी खाली ठेवली होती ती जागा.

सध्या रोज काय चालतं: घरी आल्यावर दाराबाहेर पँट काढणे, बाथरूममध्ये मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही पाय बघणे, ओरखडा आहे का कळायला सॅनिटायझर चोळणे (झोंबलं म्हणजे कातडी फाटलीय), पाणी गिळता येतंय का बघणे, पंख्यासमोर तोंड नेऊन वाऱ्याची भीती वाटते का बघणे (पाण्याची आणि वाऱ्याची भीती ही रेबीजची लक्षणं), बायकोला विचारणे, गूगल. दिवसाचे तीन-चार तास सहज जातात, झोप धरली तर जास्त. चांगल्या पँटी फेकल्यात, एक तर लग्नातल्या सुटाची होती.

१७ मे, शनिवार

सायकियाट्रिस्टकडे गेलो. पहिली फी आठशे. प्रश्नांचा एक फॉर्म आहे, वाय-बॉक्स म्हणतात, दहा प्रश्न, एकूण मार्क चाळीस. मला २७ पडले. २४ च्या वर म्हणजे गंभीर. शाळेत एवढे पडले असते तर आई खूश झाली असती.

डॉक्टर म्हणाले ओसीडी आहे, म्हणजे नको तो विचार सारखा येतो आणि तो शमवायला तेच तेच परत करावं लागतं. मी म्हटलं मला तर आजाराची भीती वाटते, मी काही सारखे हात धूत नाही. ते म्हणाले त्या दोन्हीतली भिंत फार पातळ आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ ह्या आजारांच्या यादीत आजाराची धास्ती ओसीडीच्याच कुटुंबात ठेवलीय. त्यांनी एसएसआरआय गटातली गोळी दिली, डिप्रेशनवरही हीच देतात. ओसीडीत ह्या गोळीला आठ ते बारा आठवडे लागतात आणि डोस बऱ्याचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो. गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर मेडिकलवाल्याकडे जाऊन तीच मागाल.

२५ मे, रविवार

आठवडा वाया. गोळीच्या पाकिटातला कागद वाचला, बारीक अक्षरातला, पूर्ण. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता. पहिल्या दोन आठवड्यांत हे होऊ शकतं असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. झालंही. पण रेबीजची सुरुवातही अशीच होते हे मला तोंडपाठ आहे, ताप, डोकं दुखणं, अस्वस्थ वाटणं, त्यामुळे मंगळवारी रात्रभर जागा होतो आणि बुधवारी खाडा झाला.

दुरुस्ती: बायकोने सगळ्या गोळ्या कापून स्टीलच्या डबीत टाकल्या, कागद आणि पाकीट कचऱ्यात. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस आठवडाभर निम्मा केला. गोळी बंद केली नाही ही जमेची बाजू.

१ जून, रविवार

शिडी केली. मॅडमची पद्धत अशी की ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पायरीपायरीने जायचं आणि गेल्यावर जे करायची सवय आहे ते करायचं नाही. इंग्रजीत ईआरपी म्हणतात, १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर ह्यांनी सुरू केलं, एवढंच मला माहितीय आणि तेवढं पुरे.

प्रत्येक पायरीला शंभरपैकी किती भीती ते लिहायचं. घरातल्या पँटवर तपासणी न करता बसणं ३०. कुत्र्याच्या शेजारून चालत जाणं आणि पाय न बघणं ४५. सॅनिटायझर बंद ५०. रस्त्यावर अनवाणी ७०. एक्सेल शीट डिलीट करणं ८०. बायकोला न विचारणं ९५. सर्वात वर, मुलीला सोसायटीतल्या पिल्लाला हात लावू देणं, १००. मॅडमना आश्चर्य वाटलं की कुत्र्याला स्वतः हात लावणं फक्त ६० आहे आणि बायकोला न विचारणं ९५. मला नाही वाटलं.

एक्सेल शीटबद्दल सांगायला हवं. रेबीजचा विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणं साधारण दोन-तीन महिन्यांत येतात, पण आठवड्यापासून वर्षापर्यंतही लागू शकतं. हे ‘वर्षापर्यंत’ वाचलं त्या दिवशी माझं वाट्टोळं झालं. कारण मग प्रत्येक प्रसंग वर्षभर उघडा राहतो. म्हणून शीट. तारीख, जागा, काय झालं, साबण लावला का, लस किती जुनी, आणि शेवटच्या कॉलमात वर्षानंतरची तारीख, त्या दिवशी तो प्रसंग ‘क्लोज’. फॉर्म्युला टाकलेला, क्लोज झाला की ओळ हिरवी व्हायची. एक ओळ हिरवी होईपर्यंत खाली पाच नव्या लाल व्हायच्या.

१५ जून, रविवार

पायऱ्या फटाफट झाल्या असं वाटलं आणि मॅडमना सांगायला गेलो तर निम्म्या बाद. घरून चौकापर्यंत चालत जातो, कुत्री झोपलेली असतात, पाय बघत नाही. बरोबर. पण घरी येऊन सोफ्यावर डोळे मिटून तोच रस्ता परत चालतो, कुठे कुत्रं किती लांब होतं, पाऊल कुठे पडलं, सगळं रिवाइंड करून. मॅडम म्हणाल्या ही पण तपासणीच, फक्त टॉर्च डोक्याच्या आत गेला. मला हे तपासणीत मोजतात हेच ठाऊक नव्हतं. दोन आठवड्यांचे आकडे रद्द, परत पहिल्यापासून.

मग रिवाइंड कसं थांबवायचं? जबरदस्तीने थांबत नाही. ‘लागलं असेल, नसेलही’ एवढं म्हणून अर्धवट सोडायचं आणि उठून काहीतरी काम करायचं. मला लागलं नाही असं म्हणायचं नाही, तिथेच गोम आहे. हे अर्धवट सोडणं फार वाईट असतं, नट सैल दिसतोय आणि पाना हातात असून लावायचा नाही तसं.

२२ जून, रविवार

सॅनिटायझर बंद केला. ह्यात एक गोष्ट कळली ती लिहितो. रोज चार-पाच वेळा चोळल्याने पोटऱ्यांची कातडी कोरडी पडून बारीक भेगा पडल्या होत्या, त्या झोंबायच्या, आणि त्या झोंबण्यालाच मी कुत्र्याचा ओरखडा समजायचो. म्हणजे तपासायचं यंत्रच बिघाड करत होतं. खोबरेल तेल लावलं, आठवड्यात झोंबणं बंद.

पाणी गिळायचंही असंच निघालं. लागोपाठ रिकामे घोट गिळत बसलात तर चौथ्या-पाचव्याला कुणाचाही घसा अडतो, लाळच उरत नाही. मी रात्री दोन वाजता हे करायचो आणि अडला की आलंच पाणी गिळायची भीती, आता संपलं. आता पाणी तहान लागली की प्यायचं, ओट्यापाशी उभं राहून, घोट न मोजता.

२ जुलै, बुधवार

घसरलो. उत्तर प्रदेशातल्या एका कबड्डीपटूचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. नाल्यातून पिल्लू बाहेर काढताना बोटाला चावलं, त्याने लस घेतली नाही, आता गेला. शेवटच्या अवस्थेतला व्हिडिओ आहे. कंपनीच्या ग्रुपवर आला, जेवणाच्या सुट्टीत. मी बघितला. मग परत बघितला. मग त्याच्या तोंडावरचे भाव आरशात माझ्या तोंडावर आहेत का ते बघितलं.

रात्री एआय चॅटबॉट. गूगल बंद केलं होतं ना, मग पळवाट. चॅटबॉट गूगलपेक्षा वाईट, कारण तो दमत नाही आणि तो प्रेमाने बोलतो. ‘तुम्ही वर्णन केलेल्या परिस्थितीत धोका नगण्य आहे.’ छान वाटतं. दहा मिनिटांनी नगण्य म्हणजे शून्य नव्हे ना हे विचारायचं. मग तोच प्रश्न ‘माझ्या मित्राला’ म्हणून विचारायचा. मग इंग्रजीत. पहाटे चारपर्यंत. एका उत्तरात एक शब्द वेगळा आला की सगळं परत.

पहाटे १४४१६ लावला, टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाईन. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंना मी सरळ रेबीजचं विचारलं. त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही, झोप किती झाली, घरात कोण आहे, उपचार चालू आहेत का हे विचारत राहिल्या. तेव्हा राग आला होता. फोन ठेवल्यावर झोप मात्र लागली.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी बायकोला म्हटलं, माहितीय का, ६ जुलै १८८५ लाच पाश्चरने पहिल्यांदा माणसाला रेबीजची लस दिली, जोसेफ मायस्टर, नऊ वर्षांचा मुलगा. ती म्हणाली, ‘अहो, आज साबुदाण्याची खिचडी खा आणि गप्प बसा.’

मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या माहिती गोळा करणं बंद करायचं आपलं ठरलंय. ही माहिती आधीचीच होती असं मी म्हटलं. मग विषय पुढे गेला, पण पुढच्या वेळी बायकोलाही घेऊन या म्हणाल्या.

१३ जुलै, रविवार

ही नोंद मोठी होणार, कारण जे काही सुधारलं ते बरंचसं इथून.

मॅडमनी बायकोला विचारलं की हे दिवसातून किती वेळा विचारतात. ती म्हणाली मी मोजत नाही, मी भाकऱ्या थापताना पण हो-नाही म्हणत असते. नाही लागला कुत्रा. हो, मी बघितलं. नाही, ओरखडा नाही. हो, लस घेतलीय तुम्ही. मग म्हणाली, एकदा मी कंटाळून ‘काय माहीत’ म्हणाले तर हे गाडी काढून परत त्या जागेवर गेले, कुत्रं जिवंत आहे का बघायला. हे खरंय. दहा दिवस त्या कुत्र्यावर लक्ष ठेवलं होतं, फोटो काढून. दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, हा नियम खरा आहे, पण तो चावलेल्या माणसासाठी आहे. ज्याच्या शेजारून कुत्रं चालत गेलं त्याच्यासाठी नाही.

मॅडम म्हणाल्या की ताई, तुमच्या उत्तराने ह्यांना किती वेळ बरं वाटतं? ती म्हणाली पूर्वी दिवसभर पुरायचं, आता चहा होईपर्यंत पण पुरत नाही. मला हे कधी दिसलंच नव्हतं. मी समजत होतो की मला अजून चांगलं उत्तर मिळत नाहीये म्हणून मी विचारतोय. उत्तर चांगलंच होतं पहिल्या दिवसापासून.

ठरलं असं: ती उत्तर देणार नाही. चिडून नाही, समजूत काढत नाही. एकच वाक्य, ‘ह्याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय, तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय.’ आणि ती तिथेच बसणार, उठून जाणार नाही. हे वाक्य फ्रिजवर लिहून लावलं.

२० जुलै, रविवार

नरक. सोमवारी रात्री मी तिच्याशी भांडलो, एवढंच सांग ना, एकदाच सांग, तुझं काय जातं. ती रडली पण सांगितलं नाही. मुलगी झोपेतून उठून आली. मी बाल्कनीत जाऊन बसलो. भीती शंभर, खरंच शंभर, हात कापत होते. रजिस्टरमध्ये दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत होतो, १००, १००, ९५, १००, ९०, ९०, ८०. पहाटेच्या सुमारास ४० लिहून झोपलो. कुणीही काही न सांगता ४० झाले. हे आधी कधी झालं नव्हतं, कारण मी कधी होऊच दिलं नव्हतं.

बुधवारी लक्षात आलं की मी दुसरीकडून उत्तरं आणतोय. आईला फोन, ‘अगं आई, त्या दिवशी आपण बसलो होतो तिथे कुत्रं होतं का गं?’ आई बिचारी, ‘नाही रे बाळा, कुठलं कुत्रं.’ मेडिकलवाला. सिन्नरचा आतेभाऊ, तो बीएएमएस आहे, त्याला व्हॉइस नोट. सगळ्या वाटा बुजवायला लागल्या. आज बसून प्रत्येकाला फोन केला आणि सांगितलं की मला ओसीडी आहे, मी हे विचारलं तर उत्तर देऊ नका. आतेभाऊ म्हणाला, ‘सुटलो बाबा, मला वाटायचं तू माझी परीक्षा घेतोस.’ आईला पटायला वेळ लागला. मुलाने विचारलं तर सांगायचं नाही म्हणजे काय, असं तिचं. शेवटी बायकोने तिला समजावलं, मी नाही.

नातेवाइकांना सांगायची लाज वाटते हे खरं. पण न सांगता हे होत नाही, कारण उत्तर देणारा एक जरी उघडा राहिला तरी सगळा भार तिकडे वळतो.

३ ऑगस्ट, रविवार

एक्सेल शीट डिलीट. रिसायकल बिनमधूनही. मग आठवलं की एक कॉपी स्वतःला मेल केलेली आहे. ती ठेवली. दोन दिवसांनी मॅडमना सांगितलं, त्यांच्यासमोर तीही काढली. भीती ८० धरली होती, प्रत्यक्षात ५० आणि तासाभरात खाली. माझे अंदाज वरच्या पायऱ्यांना जास्त आणि खालच्यांना कमी निघतायत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल सुप्रीम कोर्टाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायचा आदेश दिला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आग. एक बाजू म्हणते इथेही करा, दुसरी बाजू म्हणते माणुसकी आहे की नाही. आणि मी दोन वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांत शहाणा. लांबलचक मेसेज टाकले, चावा कॅटेगरी एक, दोन, तीन म्हणजे काय, लाळ म्हणजे काय, आकडे, सगळं. लोक म्हणाले वा, किती अभ्यास. माझ्या भीतीला इज्जत मिळाली.

रात्री झोप नाही. ग्रुपवरचा वाद म्हणजे माझ्यासाठी गूगलच होतं, फक्त नागरिकाच्या कपड्यांत. कुत्र्यांचं काय करायचं ह्यावर माझं मत आहे, नसबंदी आणि लसीकरण नीट व्हावं, पण ते मत आत्ता मांडणं माझ्यासाठी विष आहे. ग्रुप म्यूट केला. (नंतरची भर: २२ तारखेला कोर्टाने आदेश बदलला, नसबंदी आणि लस करून कुत्री परत तिथेच सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. हे मला बायकोने जेवताना सांगितलं, मी शोधलं नाही.)

७ सप्टेंबर, रविवार

गणपती झाले. घरापासून मंडळापर्यंत ओल्या रस्त्यावरून अनवाणी गेलो, आरतीला. ७० धरलं होतं. पहिल्या दिवशी ७० च होतं, विसर्जनापर्यंत पायात चप्पल नाही हे लक्षात पण येत नव्हतं. परत आल्यावर पाय धुतले, सगळे धुतात तसे, एकदा, साध्या पाण्याने.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आमच्या फॅब्रिकेशनमधल्या एकाला काल रात्री बसस्टॉपवर कुत्रं चावलं. पोटरीला, चांगला खोल, रक्त आलेलं. सकाळी लंगडत कामावर आला. जखमेवर घरच्यांनी मिरचीपूड आणि चुना भरला होता, म्हणे विष ओढून घेतं.

मी दोन मिनिटं गप्प उभा राहिलो, कारण मला खरंच समजेना की मी आता जे बोलणार आहे ते माझा आजार बोलतोय की मी. मग म्हटलं, आत्ता चल. वॉशबेसिनवर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावलं, घड्याळ लावून, मिरची निघेपर्यंत. सुपरवायझरला सांगून त्याला गाडीवर सिव्हिलला नेलं. रक्त आलेला चावा म्हणजे कॅटेगरी तीन, त्याला नुसती लस पुरत नाही, जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धच्या तयार अँटीबॉडी) टोचावं लागतं, ते टोचलं, टाके घातले नाहीत. लसीचं कार्ड मिळालं, पुढच्या तारखा १४, १८ सप्टेंबर आणि ९ ऑक्टोबर. चाव्याच्या दिवसापासून मोजून लिहिल्या होत्या, मी तिथेच नर्सबाईंना म्हटलं की पहिला डोस आज आहे, तर आजपासून मोजायला हवं ना, त्यांनी बघितलं आणि १५, १९ आणि १० केलं.

श्वानदंशाच्या त्या खोलीत तासभर होतो, चावलेल्या लोकांमध्ये. माझ्या शिडीत ही पायरीच नव्हती. भीती ३०. खरं काम समोर असताना डोकं सरळ चालतं असं दिसतंय.

१७ सप्टेंबर, बुधवार

पण. सोमवारी त्याला डोसची आठवण केली, तो घेऊन आला. मंगळवारी विचारलं कार्डावर शिक्का आहे ना. आज विचारलं जखम कशी आहे, दाखव, आणि घरी येऊन मनात आलं की त्याची जखम बघताना मी वाकलो होतो. तो हसून म्हणाला, भाऊ, तुला चावलंय का मला?

मॅडम म्हणाल्या पहिली आठवण मित्राची, तिसरी तुमच्या आजाराची. ठरलं: त्याच्या बायकोला पुढच्या तारखा एकदा मेसेज करायच्या आणि विषय त्यांच्याकडे सोडायचा. केलं. १० ऑक्टोबरला मी विचारणार नाही. हे कठीण जाणार, कारण इथे भीतीला कारणही खरं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

आज जागतिक रेबीज दिवस, पाश्चरची पुण्यतिथी. दोन मेसेज आले, एक उघडला. पुढे.

१९ ऑक्टोबर, रविवार

रेबीज मागे पडला आणि मानेला गाठ सापडली. दाढी करताना. कॅन्सर. मला हसूही आलं, कारण पाट्या बदलल्या तरी दुकान तेच. पण रात्री हसू नव्हतं. दोन दिवस दाबून दाबून ती दुखायला लागली, मग दुखते म्हणून अजून दाबली.

नियम आधीच लिहून ठेवलेला होता, नवीन काही आलं तर एकदा, एका डॉक्टरला, दाखवायचं आणि ते म्हणतील तेवढंच. फॅमिली डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, डोक्यातल्या कोंड्याने खाज येऊन सुजलेली साधी गाठ, हात लावू नका, महिन्याने तशीच असेल किंवा वाढली तर या. मी लॅबच्या दिवाळी ऑफरचा कागद काढला, सत्तर तपासण्या, अर्ध्या किमतीत. ते म्हणाले रिपोर्टमधली जी नॉर्मल रेंज असते ती निरोगी लोकांपैकी ९५ टक्के त्यात बसतील अशी आखलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसाच्याही वीस तपासण्या केल्या तर एखादी ठळक अक्षरात येणार. तुमच्या सत्तर केल्या तर तुम्हाला वर्षभराचं काम मिळेल. ऑफर घेतली नाही. गाठीला हात लावणं बंद केल्यावर दुखणं आठवड्यात गेलं. गाठ आहे की गेली ते बघितलेलं नाही, महिना झाला की डॉक्टर बघतील.

८ नोव्हेंबर, शनिवार

वाय-बॉक्स १३. सौम्य मध्ये आलो. डॉक्टर म्हणाले गोळी किमान वर्षभर चालू ठेवायची, कमी कधी करायची ते ते ठरवणार, बरं वाटतंय म्हणून मी नाही.

खर्च, साधारण: मॅडमचं सेशन बाराशेचं, सुरुवातीला दर आठवड्याला, आता महिन्याला एक. गोळ्या महिन्याला चार-पाचशे. सायकियाट्रिस्ट दर दोन महिन्यांनी. इन्शुरन्समधून काही मिळालं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं, पण माझ्या पॉलिसीत मुळात ओपीडीच नाही, त्यामुळे दोन्हीकडे शून्य. परवडत नसेल तर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, गोळ्या तिथे मिळतात, थेरपीला वेळ कमी मिळतो. आधी गरज नसताना घेतलेल्या लसी, फेकलेले कपडे, खाडे हे सगळं धरलं तर उपचार स्वस्त पडले.

राहिलेलं काम: वरची पायरी. सोसायटीत एका काकूंनी पिल्लू पाळलंय, लस झालेलं आहे, मुलगी रोज लांबून त्याला हाका मारते. आधी मी हात लावून बघितला, ३५. पुढच्या आठवड्यात तिला लावू द्यायचं, नंतर हात धुवायचे जेवणाच्या वेळी, सगळे धुतो तेव्हा. बायको म्हणाली ती त्या वेळी घरात थांबेल, खाली येणार नाही, नाहीतर मी तिच्याकडे बघत बसेन.

हे वाचून कुणाला स्वतःची शिडी करायची असेल तर माझे आकडे उचलू नका, तुमचा वरचा आणि माझा वरचा वेगळा असणार. खरोखर चावा किंवा ओरखडा असेल तर साबण, पंधरा मिनिटं, त्याच दिवशी दवाखाना. आणि माझ्या केसमध्ये रिस्क आहे का असं कुणी मला विचारलं तर मी उत्तर देणार नाही, फ्रिजवरचं वाक्य पाठवीन.